नऊ नंबरचा सांधा

सारी-ओत्केल स्टेशनच्या पार्सल खिडकीवर येणारे लोक राउशानच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. पावती फाडणारे, शिक्का मारणारे ते हात. याच हातांनी तिनं आपल्या दिराला मारलं असं सगळं गाव धरून चाललं होतं. चौकशी समितीच्या कागदावरही तेच होतं, फक्त जरा सभ्य भाषेत. मानवी चूक.

त्याआधी अठरा वर्षं ती पॅनेलवर होती, गाड्यांचे रूळ ठरवणाऱ्या टेबलावर. उत्तरेकडून कोळसा आणि गहू, पूर्वेकडून सरहद्दीपलीकडचे कंटेनर, सगळे या माळरानातल्या जंक्शनात येऊन आपापली वाट धरायचे. ती वाट राउशान द्यायची. पडद्यावर चोवीस सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा, लाल-हिरव्या रेघा, आणि समोर तिची बोटं. अठरा वर्षांत मालगाडीची एक वाघीण चुकीच्या रुळावर गेली नव्हती.

मग अकरा फेब्रुवारी आली. दुपारी दोन बावन्नला नऊ नंबरचा सांधा फिरला आणि रिकाम्या वाघिणींची रांग सातव्या सायडिंगमध्ये, डबे उभे करून ठेवायच्या बाजूच्या रुळावर, घुसली. सायडिंगमध्ये त्या वेळी माणूस असायला नको होता. पण वारा असा सुटला होता की दौरेन, तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, दोन वाघिणींच्या आडोशाला उभा राहून कपलिंग तपासत होता. तो चोवीस वर्षांचा होता. राउशान लग्न होऊन आली तेव्हा सहा वर्षांचा होता आणि तिचा हात धरून शाळेत जायचा.

नोंद सांगत होती की हुकूम राउशानच्या टेबलावरून, तिच्याच नावानं सुटला. ती म्हणाली, "मी नवाला हात लावला नाही." समितीतला चष्मेवाला म्हणाला, "मग कुणी लावला? वाऱ्यानं?"

शिक्षा माफक झाली. तुरुंग टळला, पॅनेल गेलं, पार्सल खिडकी आली. खरी शिक्षा घरी होती.

सुनेनं चहा ओतायचा आणि सासूनं प्यायचा, ही त्या घरातली अठरा वर्षांची रीत. दौरेनला मातीत ठेवून आल्यावर उर्किया आपांनी, म्हणजे तिच्या सासूनं, सुनेच्या हातातली किटली काढून घेतली. स्वतः ओतला आणि राउशानपुढे वाडगी सरकवली. काठोकाठ भरलेली. त्या मुलखात मानाच्या माणसाला अर्धीच वाडगी देतात. तो पुन्हा मागेल, आपण पुन्हा ओतू, तेवढाच वेळ तो आपल्यात बसेल. काठोकाठ भरून देतात ते ज्यानं उठून जावं असं वाटतं त्याला.

आपांनी तोंडानं एक शिवी दिली नाही. पण त्या दिवसापासून सकाळी, दुपारी, संध्याकाळी वाडगी काठोकाठ. नवरा तोलेगेन इंजिन चालवायचा. तो आठवड्यातले पाच दिवस बाहेर, आणि घरी असला की वाडगीकडे न बघायची कला त्याला साधली होती.

राउशान ती वाडगी प्यायची. एक थेंब न सांडता. गेली असती तर सगळ्यांचा हिशेब चुकता झाला असता, म्हणूनच ती गेली नाही. पार्सलच्या खणात तिनं दौरेनचा एक हातमोजा ठेवला होता, ग्रीसनं काळा पडलेला. खण उघडला की ती मनात म्हणायची, कुणीतरी माझे हात वापरले. ज्यानं वापरले त्याचे हात मला पाहिजेत.

*

नोव्हेंबरमध्ये राजधानीतून तोग्झान नावाची मुलगी आली. अठ्ठावीसची, आखूड केस, पाठीला दोन लॅपटॉप. रेल्वेवर सायबर हल्ले वाढले होते, आणि बाहेरच्या कंपनीकडून कॉम्प्युटरसाठी महागडं कुलूप विकत घेण्याऐवजी रेल्वेनं स्वतःची राखण स्वतः करायचं ठरवलं होतं. तोग्झानचं काम म्हणजे मशीन लर्निंग. तिला स्टेशनच्या दोन वर्षांच्या नोंदी मशीनला खाऊ घालायच्या होत्या आणि त्या समजावून सांगणारं माणूस हवं होतं. स्टेशनमास्तर अबिल्दानं पॅनेलवरची माणसं सोडायला नकार दिला. "पार्सलवाली घेऊन जा," तो म्हणाला. "तिला सगळं ठाऊक आहे, आणि तिच्यावाचून काही अडत नाही."

"हे चोर ओळखतं का?" राउशाननं पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही, अपके," तोग्झान म्हणाली. थोरल्या बहिणीसारख्या बाईला तिकडं तसं म्हणतात. "चोर रोज नवा असतो. हे फक्त रोजचं काय ते शिकतं. कुठला हुकूम कशानंतर येतो, दोघांत किती सेकंद जातात, कोण किती घाई करतं. मग त्यात न बसणारं काही आलं की ओरडतं."

"म्हणजे मेंढपाळासारखं. त्याला लांडगे कुठं माहीत असतात? आपलं मेंढरू कसं चालतं ते माहीत असतं."

तोग्झान हसली. "हे मी राजधानीत साहेबांना सांगायला वीस चित्रं काढली होती."

तीन आठवडे दोघी नोंदींना खुणा करत बसल्या. मग मशीन चालवलं. दोन वर्षांतले लाखभर हुकूम त्यानं विचित्रपणाच्या क्रमानं लावले. पहिल्या ओळीवर होता अकरा फेब्रुवारी, दोन बावन्न, सांधा नऊ.

तोग्झाननं कपाळाला हात लावला. "चुकलं वाटतं माझं. हा तर अगदी नियमावलीप्रमाणे दिलेला हुकूम आहे. एकदा दिला, एकदा फिरला. यात विचित्र काय?"

"पुन्हा वाच."

"एकदा दिला, एकदा फिरला."

टेबलावर राउशानची उजवी तर्जनी आपोआप हलली. तिकडे, परत, तिकडे.

पूर्वेच्या वाऱ्यानं नऊ नंबरच्या सांध्यात वाळू आणि बर्फाचा भुगा ठासून बसायचा. एका हुकमात तो पुष्कळदा अर्धाच फिरायचा. म्हणून पॅनेलवरचं प्रत्येक माणूस त्याला आधी जागं करायचं. एकदा फिरवायचं, परत आणायचं, मग खरं फिरवायचं. हे नियमात नव्हतं. नियमाविरुद्धच होतं, त्यानं मोटर झिजते. पण सारी-ओत्केलला तीस वर्षं नऊ नंबर असाच चालत होता, आणि इतका अंगवळणी पडला होता की आपण असं करतो हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. चौकशीच्या वेळी राउशानच्याही नाही. हात करायचे, डोक्याला पत्ता नसायचा.

"ते माझे हात नव्हते," ती म्हणाली. "इथल्या कुणाचेच नव्हते. पुस्तक वाचून आलेल्याचे होते."

खालच्या ओळी त्यांनी वाचल्या. त्याआधीच्या पाच आठवड्यांत असेच सहा कोरे, स्वच्छ, एकेरी हुकूम. कुणीतरी हात बसवून बघत होतं. आणि सहाही वेळा दूरदुरुस्तीची वाट उघडी होती. सांध्यांच्या यंत्रणेची देखभाल एका कंत्राटी कंपनीकडे होती, आणि तिचा इंजिनियर तीनशे किलोमीटरवर बसून त्या वाटेनं दुरुस्ती करायचा. अकरा तारखेला ती वाट उघडी होती का? त्या दिवसाची तेवढी पानं पुसलेली होती.

"इंजिनियर कोण?" तोग्झाननं विचारलं.

राउशाननं नाव सांगितलं. साबित ओराझोविच. दौरेनचा देह ज्याच्या जीपमधून घरी आला तो. अंत्यविधीला तीन दिवस थांबून आपांचे हात हातात घेऊन रडला तो. आपा त्याला तेव्हापासून देवमाणूस म्हणत.

*

दोघींनी हे सगळं समितीला लिहून कळवलं. उत्तर आठवड्यात आलं. मशीनचा अंदाज हा पुरावा नव्हे. शिवाय जागं करण्याच्या पद्धतीची कुठेही नोंद नाही, स्टेशनमास्तरांनीही अशी पद्धत असल्याचं कळवलेलं नाही.

राउशान तो कागद घेऊन अबिल्दाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"अबिल्दा अगा," थोरल्या पुरुषाला म्हणतात तसं ती म्हणाली, "तुमच्या लक्षात आलं होतं ना तेव्हाच?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "सांगितलं असतं तर सगळी शिफ्ट घरी बसली असती. नियम मोडल्याबद्दल. बारा घरं होती, राउशान."

"आणि माझं तेरावं. त्याला चूल नव्हती का?"

"काय पाहिजे तुला?"

"दोन गोष्टी. एक, लिहून द्या. आज नको, मी मागेन तेव्हा द्या, सही करून. दुसरी, उद्यापासून नवाला कुणी जागं करायचं नाही. नवाला एकदाच. जागं करायचं ते चाराला."

"चाराला? चार तर लोण्यासारखा फिरतो! आणि नऊ अडकेल त्याचं काय?"

"अडकला तर झाडू घेऊन माणूस पाठवा. कागदावर काही नको, फोनवर नको, कॉम्प्युटरवर तर मुळीच नको. तोंडानं सांगा, आणि तोंड बंद ठेवा. ते तुम्हाला जमतं."

त्या हिवाळ्यात सांधेवाल्यांनी राउशानच्या सात पिढ्या उद्धारल्या. उणे पंचवीसमध्ये दिवसातून दहादा नऊ नंबर झाडायचा, आणि का ते विचारायचं नाही. "रेल्वेनं आता आम्हाला झाडूवाले केलं," एक म्हणायचा. "उद्या रूळ पुसायला फडकी देतील." तरी त्यांनी झाडलं. दौरेन त्यांच्यातला होता.

दोन महिन्यांत मशीन नवी चाल शिकलं, नवाला एकदा आणि चाराला तिकडे-परत-तिकडे, जी जुन्या नोंदींत नव्हती. नव्या नोंदी तोग्झाननं बाहेरच्या तारेपासून तोडून वेगळ्या ठेवल्या, साबितला दिसू नयेत म्हणून. दूरदुरुस्तीची वाट मात्र उघडी होती, आणि त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं.

"मी ती आज बंद करणार," तोग्झान म्हणाली. "चालत्या गाड्या आहेत, अपके. कुणी मेलं तर?"

"मेलंय," राउशान म्हणाली. "बंद केलीस तर तो हात झटकून निघून जाईल. पुढच्या स्टेशनवर दुसऱ्या कुणाचे हात वापरेल."

शेवटी तोग्झाननं मधला तोडगा काढला. त्या वाटेनं आलेला कुठलाही हुकूम मशीनला खटकला की तो रुळापर्यंत पोचणारच नाही, माणूस हो म्हणेपर्यंत वरच अडून राहील. शिवाय नऊ नंबरपाशी दिवसरात्र झेंडीवाला उभा. आणि हे सगळं फक्त चौदा फेब्रुवारीपर्यंत. त्या दिवशी राजधानीचे साहेब मशीनचं काम बघायला येणार होते, आणि कंत्राटी कंपनीलाही बोलावणं होतं. साबितच्या कंपनीला आपलं कुलूप रेल्वेला विकायचं होतं. तोग्झानचं मशीन आंधळं ठरलं तर ते सहज विकलं जाणार होतं.

"तो त्याच दिवशी करेल," राउशान म्हणाली. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तुझं मशीन गप्प बसवायला. फक्त कसं करायचं ते त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे."

*

अकरा तारखेला दौरेनची बरसी होती. दोनशे माणूस जेवलं. मेंढीचं शिजवलेलं डोकं, जे पंगतीतल्या सगळ्यात मानाच्या माणसापुढे ठेवतात, ते उर्किया आपांनी स्वतःच्या हातानं साबितपुढे ठेवलं. त्यानं डोळे पुसले, रीतीप्रमाणे डोक्याचा कान कापून पोरांना दिला, दौरेनसाठी चार शब्द बोलला. चांगलं बोलला.

चहाच्या वेळी आपांना किटली उचलवेना. दिवसभर रडून त्या थकल्या होत्या. राउशाननं किटली घेतली. साबितला अर्धी वाडगी दिली, संपली की पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी. एवढा मान तिनं आयुष्यात कुणाला दिला नव्हता.

"पार्सलवर कसं चाललंय, राउशान?" त्यानं मायेनं विचारलं. "माणसाच्या हातून होतं कधी कधी. मनाला लावून घेऊ नका."

"आता त्या पोरीच्या मशीनची हमाली करते, साबित ओराझोविच. नुसतं ढोंग आहे हो ते. त्याला एकच कळतं. नऊ नंबर आधी जागा केला की नाही. केला तर ते मुकाट्यानं बसतं, नाही केला की बोंब मारतं. आम्ही सगळे तिकडे-परत-तिकडे करतो ना, तेवढंच शिकलंय. साहेबांना सांगू नका बाई, पोरीची नोकरी जाईल."

"छे, मी कशाला सांगू?" साबित म्हणाला आणि वाडगी पुढे केली.

तिनं अर्धी भरली. घरी जाऊन तो जुन्या नोंदी काढून बघणार हे तिला ठाऊक होतं. जुन्या नोंदींत तिचा शब्द न शब्द खरा निघणार होता. भांडी घासताना ती गुणगुणत होती. एक वर्षानं.

*

चौदाला पॅनेलच्या मागच्या मोठ्या खोलीत पाच साहेब, अबिल्दा, तोग्झान आणि साबित बसले. साबितच्या मांडीवर लॅपटॉप होता, टिपणं घ्यायला. त्याच्या कडेला करंगळीएवढी एक किल्ली खोचलेली, टोकाला बारीक हिरवा दिवा. दूरदुरुस्तीची वाट त्या किल्लीशिवाय उघडत नसे, आणि अख्ख्या विभागात तशी किल्ली एकच होती. राउशान चहा देत होती. पार्सलवालीकडे कोण बघतो?

तोग्झान बोलू लागली. पंधरा मिनिटं झाली. बाहेर रिकाम्या वाघिणी हळूहळू नवाकडे सरकत होत्या. राउशान साबितच्या हातांकडे बघत होती, लोक वर्षभर तिच्या हातांकडे बघत होते तशी. त्याची तर्जनी तीनदा हलली.

तिकडे. परत. तिकडे.

पडदा लाल झाला. बाहेर काहीच झालं नाही. नऊ नंबर जागचा हलला नाही, झेंडीवाला जांभई देत उभा होता, वाघिणी आपल्या वाटेनं निघून गेल्या.

"हे काय आहे?" मुख्य साहेबांनी विचारलं.

"हल्ला, साहेब," तोग्झान म्हणाली. "नऊ नंबरला तिहेरी हुकूम. गेले दोन महिने या स्टेशनात नऊ नंबर कुणीही असा फिरवत नाही. अजून असाच फिरवतात असं त्याआधीच्या नोंदी असलेल्यालाच वाटेल. हुकूम राउशान अपकेंच्या पॅनेलवरच्या जुन्या नावानं आलाय, दूरदुरुस्तीच्या वाटेनं. नोंद वेगळ्या मशीनवर उतरली आहे, ती पुसता येणार नाही."

सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत त्या हिरव्या दिव्यावर येऊन थांबल्या. साबितनं लॅपटॉप मिटला. पण किल्ली तशीच बाहेर राहिली, दिवा लुकलुकत.

"ही फक्त चाचणी होती," तो म्हणाला. "तुमचं मशीन किती..."

"गेल्या वर्षी अकरा फेब्रुवारीलाही चाचणीच होती ना?" राउशान म्हणाली. "साहेबांना घाबरवून कुलूप विकायची. सायडिंग रिकामं आहे असं वाटलं तुम्हाला."

"मला ठाऊक नव्हतं तो तिथं..." साबित बोलून गेला आणि आपलंच वाक्य ऐकून थांबला.

राउशाननं किटली उचलली. त्याच्यापुढच्या वाडगीत ओतू लागली. अर्ध्यावर थांबली नाही. चहा काठापर्यंत आला, काठावर फुगला, बशीत उतरला, बशीतून त्याच्या मांडीवर. तो हलला नाही. तिथलाच होता तो, त्याला अर्थ सांगावा लागला नाही.

"प्या," ती म्हणाली. "पोलिसांना कळवलंय, यायला दहा मिनिटं आहेत. मी वर्षभर प्यायले, तुम्ही एक प्या."

त्यानं वाडगी उचलली. दोन्ही हात इतके थरथरत होते की निम्मा चहा बाहीवर गेला. तिनं ते हात मनसोक्त पाहून घेतले. मग अबिल्दाकडे वळून म्हणाली, "अगा, आता लिहा. पेन देऊ?"

*

घरी बातमी तिच्याआधी पोचली होती. उर्किया आपा चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर किटली, दोन वाडग्या.

"मी त्याच्यापुढं मेंढीचं डोकं ठेवलं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं. कान कापून पोरांना दिला त्यानं."

राउशान बसली.

"तुला माहीत होतं? त्या दिवशी? तरी ठेवू दिलंस?"

"हो."

आपांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. कदाचित त्यात राग होता. मग त्यांनी किटली उचलली, वाडगीत ओतला आणि अर्ध्यावर हात थांबवला. दोन्ही हातांनी वाडगी सुनेपुढे धरली.

राउशाननं ती घेतली आणि खाली ठेवली. प्यायली नाही. बघत बसली. वाफ विरली, दुधाची साय धरली, साय सुरकुतली. अंगणात कुत्रं भुंकलं. तोलेगेनचं इंजिन अजून दोन स्टेशनं दूर असणार.

"गार झाला, आपा," राउशान म्हणाली. तिनं वाडगी उचलून चहा बादलीत ओतून दिला आणि रिकामी वाडगी त्यांच्यापुढे केली. "पुन्हा ओता."

आपांनी पुन्हा अर्धी भरली. तीही तिनं गार होऊ दिली.

"आणखी एकदा."

आपांनी मान खाली घातली आणि तिसऱ्यांदा किटली उचलली. ही तिसरी मात्र राउशान प्यायली, सावकाश, एक थेंब न सांडता. उद्या सकाळीही आपणच ओतायचा हे त्या म्हातारीला कळलं होतं. परवाही.